मिस मारणारी गाडी

"गप्प बसा दोघी. इंजिन बोलतंय, त्याला बोलू द्या," असं दरडावून हे गाडीपासून दोन पावलं मागे सरकले, हात पाठीमागे बांधले आणि डोळे मिटले.

आम्ही दोघी, म्हणजे मी आणि आमची लेक, गप्पच होतो. बोलत होती ती गाडी, आणि तीही धड नाही. जरा बरी चालायची, मग आचका द्यायची, की बॉनेटपासून आरशापर्यंत सगळी थडथडायची. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण सगळा संसार मेकॅनिकच्या घरात गेलाय, त्यामुळे इंजिन मिस मारतंय हे मला झोपेतसुद्धा कळेल.

हे डोळे उघडून म्हणाले, "वा! काय चाललंय इंजिन! जरा म्हणून खोट नाही."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं, मी लेकीकडे.

ह्यांचा कान म्हणजे काय चीज होती, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच ठाऊक. जुनी गाडी घ्यायची तर लोक आधी ह्यांना घेऊन जायचे. गॅरेज बंद केलं तरी घरी यायचे. ऐकताना हे गाडीला कधी हात लावत नसत. "हात लावला की कान आळशी होतो," म्हणायचे. जेवताना रस्त्यावरून एखादी गाडी गेली की घास तसाच धरून सांगायचे, "हिचा पंखा घासतोय." मी मात्र समोर बसून काही सांगत असले, तर ते ऐकू यायचं नाही. ते जाऊ दे, ते सगळ्याच नवऱ्यांचं असतं.

पण गेल्या वर्षापासून हे प्रकरण वेगळं होतं. आमच्या टीव्हीवरच्या मालिका शेजारच्यांना पाठ झाल्या होत्या. दूधवाला घंटा वाजवून वाजवून निघून जायचा आणि हे दाराशीच पेपर वाचत बसलेले. मी विषय काढला की म्हणायचे, "तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस." मी! माझी हाक तिसऱ्या गल्लीत ऐकू जाते, आणि मी म्हणे तोंडातल्या तोंडात बोलते!

लेक इस्पितळात नर्स आहे. पहाटेच्या पाळीला बस मिळत नाही, म्हणून गाडी हवी होती. तिची पहिली गाडी बाबाच निवडणार, हे ती शाळेत असल्यापासून ठरलेलं. आता ही गाडी घ्यावी, तर उद्या रिकाम्या रस्त्यावर एकट्या पोरीला दगा द्यायची. नको म्हणावं, तर परक्या माणसासमोर ह्यांच्या कानाचा पंचनामा. इकडे आड, तिकडे विहीर.

गाडीचे मालक म्हणजे चित्रकलेचे मास्तर, निवृत्त झालेले. माणूस लाखात एक. आम्ही त्यांच्या दारात पोचताच सांगून टाकलं, "डोळ्यांनी दगा दिलाय हो, म्हणून विकतोय. परवा बंद फाटक दिसलंच नाही, सरळ आत घातली." आणि स्वतःच खो खो हसले.

आता ते पुढे झाले. "मिस्त्री, मला लपवाछपवी जमत नाही. गाडीत जरा..."

मी त्यांना डोळ्यांनी खूण केली. पण ज्यांना फाटक दिसत नाही, त्यांना माझी खूण काय दिसणार, कपाळ! ते बोललेच, "गाडी जरा मिस मारते."

"हो ना, मस्तच आहे!" हे हसून म्हणाले.

मास्तर गोंधळले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

लेक पटकन पुढे आली आणि चांगलं खणखणीत म्हणाली, "बाबा, मला ना रंग नाही आवडला."

"रंग?" हे उसळले. "रंग बघून गाडी घ्यायची होती, तर मला कशाला आणलंस? रंगाऱ्याला आणायचं होतंस!" आणि तावातावात त्यांनी गाडीच्या अंगावर एक थाप मारली.

हात तिथेच राहिला.

त्यांनी हाताकडे पाहिलं. मग दुसराही तळवा टेकवला. गाडीनं पुन्हा आचका दिला, आणि ह्यांचा चेहरा असा उतरला की काय सांगू. देवाशपथ, इतक्या वर्षांत त्या चेहऱ्याची एवढी माया मला कधी आली नव्हती. वाटलं, पदराखाली घ्यावं आणि घरी न्यावं.

"हिला ऐकू येतंय?" लेकीकडे बोट दाखवत त्यांनी मला विचारलं.

"येतंय," मी म्हणाले. आणखी किती दिवस खोटं बोलणार?

"तुला?"

मी होकारार्थी मान हलवली.

ह्यांनी खिशातलं जाड फडकं काढून, विजेचा झटका बसू नये म्हणून हाताला गुंडाळलं.

"इकडे ये पोरी. चार सिलिंडर आहेत, त्यातला एक कामचुकार आहे. मी एकेकाची वायर काढतो. आवाज आणखी पडला, तर तो गडी कामाचा. नाही पडला, तर तोच चोर. बहुतेक प्लगच गेला असेल, तेवढंच असेल तर गाडी सोनं आहे. तू नुसतं ऐक आणि सांग."

मी बघतच राहिले. दुसऱ्याच्या कानावर भरवसा ठेवून ह्या माणसानं आजवर एक नटसुद्धा फिरवला नव्हता.

त्यांनी पहिली वायर ओढली. इंजिन खालच्या आवाजात कण्हू लागलं.

"पडला," लेक म्हणाली.

हे वाकलेलेच.

"पडला, बाबा," ती पुन्हा म्हणाली, हळूच. मास्तर शेजारीच उभे होते ना, म्हणून.

हे सरळ उभे राहिले. आधी मास्तरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मोठ्यानं सांग पोरी. मला ऐकू येत नाही."

आमची लेक अशी ओरडली की समोरच्या घराची खिडकी उघडली. "पडलाऽऽ, बाबा!"

"आता कसं," म्हणत ह्यांनी वायर परत बसवली आणि पुढच्या वायरीला हात घातला.