बीजेला न आलेला भाऊ

मी गच्चीवरून बोलतेय. मी पाण्याची टाकी, काळी, प्लास्टिकची. लातूरच्या एका जुन्या वसाहतीतल्या दुमजली घरावर माझी बैठक आहे. जे सांगणार आहे ते मी स्वतः पाहिलं आणि ऐकलं. तरीही ते नीट सांगता येईल की नाही याची मला धास्ती वाटते. टाकीला पाण्यापलीकडचं फारसं कळत नाही, हे आधीच मान्य करते.

माझा जन्म इथल्याच एका कारखान्यात झाला. साच्यात प्लास्टिकची भुकटी ओततात आणि साचा तापवत गरागरा फिरवतात. भुकटी वितळून कडांना चिकटते, मध्ये पोकळी उरते. त्या पोकळीसाठीच लोक मला विकत घेतात. मला दोरांनी वर चढवलं तेव्हा खाली नारळ फोडला होता. लातुरात टाकीचं स्वागत असंच होतं.

घर शेषेराव सरांचं. कॉलेजात भूगोल शिकवून ते निवृत्त झाले. शिक्षण एवढं झालेलं, पण साध्या प्रश्नालाही त्यांचं उत्तर ‘तसं ठामपणे सांगता येत नाही’ असंच सुरू होतं. पत्नी कस्तुराबाई लोह्याकडच्या शेतकरी घरातल्या. नात ऋतुजा मेडिकलच्या क्लाससाठी यांच्याकडे राहते. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी मी घरात सगळ्यांची लाडकी असते. एरवी माझ्यावर गोधड्या वाळत घालतात.

कस्तुराबाईंना भाऊ नाही. भाऊ नसलेली बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. दिवस मावळला की त्या ताट घेऊन वर यायच्या. पश्चिमेला डाळमिलच्या पत्र्यांवर बीजेची बारीक कोर दिसायची. आधी त्याला ओवाळायचं, मग जेवण. तोवर पोटात चहाशिवाय काही नसायचं.

“लई वाळलास की रे,” असं त्या कोरीला म्हणायच्या. दर वर्षी तेच. मला ती थट्टा वाटायची. आता वाटतं, नसावी.

यंदाच्या दिवाळीत चंद्र अमावास्येला गेला आणि बीजेला आला नाही.

आमच्या गल्लीत तरी हे आधी कळलं ते कस्तुराबाईंना. बाकी वर बघतं कोण? ताटातलं निरांजन दोनदा विझलं, दोनदा लावलं. आकाश काळं झालं तरी त्या कठड्याशी उभ्याच. शेजारच्या गच्चीवर माणिकप्पा शतपावली करत होते. किराणा दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले गृहस्थ. दुसऱ्याच्या घरात लक्ष घालणं हाच आता त्यांचा उद्योग.

“वहिनी, फटाक्याचा धूर हाय. धुरात दडला असंल तुमचा भाऊ. द्या ओवाळून अंदाजानं.”

“नागम्मा तुमाला पाडव्याला अंदाजानंच ओवाळतेत का?”

“अंदाजानंच!” मागून त्यांच्या बायकोचा, नागम्माचा आवाज आला. “ह्यांचं तोंड घरात असतंय कधी?”

सगळे हसले. कस्तुराबाईही हसल्या. पण ताट झाकून ठेवलं आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. बीजेची कोर कधी कधी दिसत नाही, तिजेला दिसेलच, असं त्यांनी सरांना सांगितलं.

तिजेला संध्याकाळी ऋतुजा मोबाईल घेऊन धावत वर आली. “आजी, तो न्हाईच म्हणायलेत! सगळ्या दुर्बिणींनी बघितलं. जिथं पाहिजे तिथं काहीच न्हाई.”

शेजारपाजारचे गच्च्यांवर जमा झाले. सरांना सगळे विचारू लागले. सर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “तसं ठामपणे सांगता येत नाही. पण समुद्राची भरती तिसऱ्या हिश्श्यावर येईल. राहील ती फक्त सूर्याच्या ओढीची.”

“समुद्र कुठं आपल्याकडं?” माणिकप्पा म्हणाले. “आपली नदी तर मांजरा. तीबी कोरडी.”

“चांदणं बघून अंडी घालणारे जीव आहेत, चांदण्यात शिकार करणारी पाखरं आहेत. त्यांचं काय होईल, मला नीटसं माहीत नाही. आणि पृथ्वी कललेली आहे. तो कल चंद्राच्या ओढीनं सावरून धरलेला होता. आता ती डगमगायला लागेल. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा जागा सोडतील. आज पिकतं तिथं बर्फ, बर्फ आहे तिथं वाळवंट.”

“कधी?” ऋतुजानं विचारलं.

“लाखो वर्षं लागतील.”

माणिकप्पांनी हुश्श केलं. “मंग तवर जेवायला हरकत न्हाई.”

लोक खाली गेले. सर मात्र तिथंच उभे होते. “सगळं इतकं हळू बिघडेल की बिघडतंय हे कुणालाच कळणार नाही,” ते म्हणाले. हे त्यांनी कुणाला सांगितलं ते मला समजलं नाही. गच्चीवर मीच होते.

त्या रात्रीही कस्तुराबाई जेवल्या नाहीत. त्यांना साखरेचा आजार आहे. उपाशीपोटी गोळी घेता येत नव्हती आणि गोळी न घेणंही बरं नव्हतं. ऋतुजानं रागावून पाहिलं, रडून पाहिलं. पाणी तेवढं त्या घेत होत्या. माझंच पाणी. त्यानं कुणाचं पोट भरत नाही, हे मला त्या दोन दिवसांत फार लागलं.

चतुर्थीला संध्याकाळी त्यांना जिना चढवेना. ऋतुजानं धरून आणलं. त्या मला टेकून बसल्या. अंग थंड, घामानं ओलं. माणिकप्पा कठडा ओलांडून आले. डोक्यावर रुमाल टाकून समोर मांडी घालून बसले. आज थट्टा नव्हती.

“बाई, मला ओवाळा. आजपासनं मी तुमचा भाऊ. खरंच सांगायलोय.”

कस्तुराबाईंनी मान हलवली. “तुमी लई चांगले हाव माणिकप्पा. पण तो हाय का गेला, हेच कळंना. तो असताना मी दुसरा भाऊ कसा करू? आन् गेला असंल, तर आज ओवाळायचा दिवस न्हाई.”

मग त्या सरांकडे वळल्या. “तुमी शिकलेले. एवढी पुस्तकं वाचलीत. मला सरळ सांगा, तो येणार का न्हाई?”

सर म्हणाले, “तसं ठाम...” आणि थांबले.

मी त्यांना ओळखते. नळाला उद्या पाणी येईल का, या प्रश्नावरही ते दोन्ही बाजू मांडतात. जगातल्या दुर्बिणींना जे माहीत नव्हतं ते त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. तो कसा गेला हे कळलं नव्हतं, म्हणजे परत येईल का हेही कळलं नव्हतं. पण ‘कदाचित’ म्हटलं असतं, तर त्या कदाचितवर ही बाई आणखी एक दिवस उपाशी बसली असती. कदाचित शेवटचा.

“नाही,” सर म्हणाले. “येणार नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

कस्तुराबाई रडल्या नाहीत. त्यांनी ताटातली सुपारी आणि अक्षता पदरात बांधल्या. मग म्हणाल्या, “ऋतुजा, बादली लाव.”

“कशाला, आजी?”

“भाऊ गेल्याचं कळल्यावर बहीण आंघोळ करते. ती केल्याबिगर जेवत नसते.”

गच्चीवरच्या नळाखाली बादली लागली. मी पाणी सोडलं. पुढचं पाणी कधी येणार हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांनी अर्ध्या बादलीवरच नळ बंद केला. नेसत्या लुगड्यानिशी खाली बसल्या आणि तांब्यातांब्यानं पाणी डोक्यावरून घेतलं. पांढरे केस गालांना चिकटले. माणिकप्पांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला होता. माणसाच्या मरणाचं पाणी देण्याची वेळ माझ्यावर पूर्वी आलेली आहे. आकाशातल्या कुणाच्या मरणाचं पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा दिलं.

नागम्मानं कढी-भात पाठवला. सुतकाची आंघोळ झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. कस्तुराबाई तिथंच, ओल्या केसांनी, जेवल्या. सगळा भात संपवला. ऋतुजा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली.

त्या वाचल्या. एवढंच काय ते चांगलं सांगण्यासारखं.

आता रात्री काळ्या असतात. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देणारे लोक बॅटरी घेऊन फिरतात, आणि पायाखाली काय आहे ते उशिरा कळतं. समोरच्या कडुलिंबावरचं घुबड आधी रात्रभर ओरडायचं, मग बंद झालं. दिनदर्शिकेत पौर्णिमा छापलेली असते. लोक तो दिवस पाळतात. महिन्याभरात सगळ्यांना सवय झाली, आणि मला वाटतं, हेच सगळ्यांत वाईट झालं. पण माझं चुकतही असेल. मी फक्त टाकी आहे.

माझ्याही अंगाला उन्हानं बारीक चिरा पडल्यात. मी आणखी काही वर्षं टिकेन, मग भंगारात जाईन. मागणं एकच. तुमच्या आकाशात तो अजून असेल, तर आज वर जाऊन त्याला बघा. कारण शोधू नका, नुसतं बघा.

कस्तुराबाई आता गच्चीवर येत नाहीत. सर येतात, रोज, दिवस मावळताना. मला पाठ टेकून पश्चिमेकडे बघत उभे राहतात. खालून हाक येते, “अवो, या की खाली. काय बघायलाव तिथं?”

“टाकीत पाणी किती आहे ते बघतोय,” सर म्हणतात.

माझं झाकण त्यांनी उघडलेलं नसतं.