शनिवारची टर्की

बाथटबच्या कडेला गुडघे टेकून लिओनाने बूच उपसलं. पाणी गुडगुडत निघून गेलं, तशी तिने पुन्हा गार पाण्याचा नळ सोडला. टबात बारा पौंडांची टर्की प्लॅस्टिकच्या पिशवीत पडली होती, दगडासारखी घट्ट. सकाळी दुकानातून आणलेली गोठलेली टर्की दुसऱ्या दिवशी भाजायची तर दुसरा इलाज नसतो. दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं, आणि तेही गारच. ही सातवी खेप होती. एकाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी तिसऱ्या खेपेलाच बोंब मारली होती.

बेसिनवर ठेवलेल्या फोनमधून तिची मुलगी डेनिस बोलत होती.

"मॉम, कालच तर थँक्सगिव्हिंग झालं! पोट फुटेस्तोवर टर्की खाल्ली सगळ्यांनी."

"खाल्ली. तुझ्या सासूच्या घरी खाल्ली. माझ्या घरी कुठे खाल्ली?"

"पण परत एवढा खर्च कशाला?"

"खर्च कसला डोंबलाचा! सण झाला की उरलेल्या टर्क्या निम्म्या किमतीत टाकतात. त्यातून हिला एक पाय नाहीये, म्हणून आणखी स्वस्त पडली."

"पाय नाहीये?"

"कारखान्यात तुटला असेल. मला काय तिला पळवायचंय?"

डेनिस हसली नाही. लिओनालाही हसवायचं नव्हतं. दोघींना ठाऊक होतं की बोलणं टर्कीवरून सोमवारवर येणार आहे.

लिओनाचा नवरा मर्ल चौतीस वर्षं एका दुकानात मांसाच्या काउंटरवर होता. ओहायोतल्या त्या लहानशा गावात कुणाच्या घरी लग्न असो की मयत, मांस मर्लच्या हातचं असायचं. आणि दर थँक्सगिव्हिंगला आपल्या घरच्या टेबलाच्या टोकाला उभं राहून तो टर्की कापायचा. मान त्याचा होता आणि कसबही त्याचंच होतं. गेल्या दोन वर्षांत मात्र त्याचं डोकं उसवत गेलं. चार गोष्टी सांगितल्या तर तीन गळून जायच्या. काल डेनिसच्या सासऱ्यांनी विजेवर चालणारी सुरी घरघरवत टर्की कापली, आणि मर्लपुढे आधीच बारीक तुकडे केलेली बशी आली. कुणीतरी त्याच्या गळ्यात रुमालही खोचला. तो मुकाट्याने जेवला. परतताना गाडीत तेवढं म्हणाला, "लाकूड कापल्यासारखी कापली गं. बिचारी."

दिवसभरात तो बोललेलं तेवढं एकच वाक्य. लिओनाने ते धरून ठेवलं होतं.

"मॉम, सोमवारी दहा वाजता वृद्धाश्रमातली खोली मिळतेय," डेनिस म्हणाली. "खिडकीजवळची आहे. आपण नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाला देतील. फक्त तुझी सही राहिलीय."

"माहितीय."

"दोनदा हायवेवर सापडलाय तो. गॅस चालू ठेवून बाहेर गेला. मला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारतो. तू एकटी किती दिवस पुरणार आहेस?"

"माझं नाव नाही चुकला अजून," लिओना म्हणाली. "एकदाही नाही. बाकी सगळं विसरतो, मला विसरत नाही. ज्या माणसाला बायको ओळखू येते, त्याला मी अनोळखी लोकांत नेऊन ठेवू?"

टबाचं पाणी पिशवीच्या वर आलं, तसा लिओनाने नळ बंद केला.

"उद्या एक वाजता ये. कर्टला घेऊन ये," ती म्हणाली. "टर्की तुझा बाप कापेल. कुणी हात लावायचा नाही. त्याला जमली, तर तू त्यांना फोन करून सांगायचं की आम्ही उन्हाळ्यापर्यंत थांबतोय. नाही जमली, तर मी सही करते."

"मॉम, ही काय परीक्षा आहे?"

"मग दुसरं काय आहे माझ्याकडे?"

शनिवारी सकाळी टर्कीच्या पोटात हात घालून लिओनाने मान आणि काळीज बाहेर काढलं आणि रश्शासाठी कांद्याबरोबर उकळत ठेवलं. लोणी परवडत नव्हतं, म्हणून कातडीखाली साधं मार्गारीन चोळलं. महिनाभर पावाच्या कडा साठवून तिने फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. त्या चुरून त्यात सेलरी, कांदा आणि परसातला सुकवलेला सेजचा पाला घातला आणि ते सारण टर्कीत भरलं. बटाटे होते. क्रॅनबेरीचा डबा गेल्या वर्षीचा होता, पण डब्याला कुठे कळतं वर्ष! तुटक्या पायाच्या जागी तिने अजमोद्याची जुडी खोचली. भट्टीतून वास सुटला तसा मर्ल खुर्चीतून उठून स्वयंपाकघराच्या दारात आला.

"आज काय आहे, लिओना?"

"थँक्सगिव्हिंग."

"झालं ना ते?"

"ते त्यांचं झालं. हे आपलं."

त्याने मान हलवली. त्याला पटल्यासारखं वाटलं. लिओनाला उगीचच हुरूप आला आणि तिने त्याची दाढी पुन्हा एकदा करून दिली.

डेनिस आणि तिचा नवरा कर्ट एक वाजता आले. कर्ट मनाने चांगला माणूस, पण जिभेला आवर नव्हता. पाहताक्षणी म्हणाला, "अरे वा, लंगडी टर्की!"

"दुसरा पाय कुणी पळवला?" मर्लने विचारलं. मग जुडी बाजूला सारून पाहिलं आणि म्हणाला, "एका पायावर इथवर आली म्हणजे जिद्दीची आहे पोरगी."

सगळे हसले. डेनिससुद्धा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. किती महिन्यांनी तो असं काही बोलला होता.

हायवेच्या प्रकरणानंतर घरातल्या सगळ्या सुऱ्या लिओनाने कपडे धुण्याच्या यंत्रामागे लपवल्या होत्या. त्यातली त्याची जुनी, घासून घासून अरुंद झालेली सुरी आणून तिने त्याच्यापुढे ठेवली. कर्ट हळूच उठून मर्लच्या मागे जाऊन उभा राहिला.

"बस तू," लिओना त्याला म्हणाली.

"पण मम्मी, हाताला..."

"बस म्हणते ना!"

मर्लने सुरी उचलली. धार नखावर लावून पाहिली, तोंड वाकडं केलं, आणि बशी उलटी करून तिच्या तळाच्या खरबरीत कडेवर सुरी दहा-बारा वेळा ओढली. मग टर्कीवर तळहात ठेवून म्हणाला, "आत्ताच काढलीय. बसू दे थोडी. रस आत मुरू दे." सगळे बसून राहिले. बटाटे निवले. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने कुणी न सांगता खांद्यावरचा टॉवेल कमरेला खोचला आणि उभा राहिला.

पाय सांध्यातून अलगद सुटला. हाडावर सुरी एकदाही अडली नाही. छातीच्या हाडाच्या कडेकडेने सुरी उतरवत त्याने अख्खी छाती एका तुकड्यात काढली, फळीवर आडवी ठेवली आणि तिच्या चकत्या पाडायला लागला. प्रत्येक चकतीला कातडीची भाजकी किनार होती. हात स्थिर होता. पाठ ताठ होती. लिओनाला वाटलं, देवा, हा तर आहे अजून! आहे इथेच. तिने डेनिसकडे पाहिलं ते जिंकल्यासारखंच, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

"मॉम, तू जिंकलीस," डेनिस डोळे पुसत हळूच म्हणाली. "त्यांच्या ऑफिसात शनिवारीही कुणी ना कुणी असतं. आत्ताच सांगते." तिने पर्समधून फोन काढून नंबर लावला.

मर्लने शेवटची चकती ताटात लावली, सुरी पुसली, दोन्ही हात फळीवर टेकले आणि समोर पाहिलं.

"आणि तुम्हाला काय देऊ, मॅडम?"

कर्ट हसला. लिओनाही हसायच्या बेतात होती. मर्लला थट्टेची सवय होतीच. थट्टा केली की तो डावा डोळा बारीक करायचा. ती त्या डोळ्याची वाट पाहत राहिली. तो बारीक झाला नाही. मर्ल मान किंचित पुढे करून उभा होता, अदबीने, दुकानात पहिल्यांदाच आलेल्या बाईपुढे उभं राहावं तसा.

"डॅड, ही मॉम आहे!" डेनिस म्हणाली. "लिओना!"

"एक मिनिट हं," तो तिला म्हणाला. "या बाईंचा नंबर आधी आहे. मग तुमचं बघतो."

कर्टचं हसू तोंडावरच राहिलं. लिओनाने टेबलाची कड धरली. पण समोरचा माणूस उत्तरासाठी थांबला होता. गिऱ्हाईक गप्प राहिलं की तो गोंधळायचा, हे तिला ठाऊक होतं, आणि आज, या टेबलापाशी, तिला त्याला गोंधळू द्यायचं नव्हतं.

"अर्धा पौंड द्या," ती म्हणाली. "छातीचं. पातळ कापा जरा. घरात दातांचा त्रास आहे."

"मिस्टरांना का?"

"हो."

"मग आतला मऊ भाग देतो त्यांना."

त्याने सहा पातळ चकत्या पाडल्या, एक हातावर तोलून पाहिली, सातवी वर ठेवली. भट्टीत अंथरायच्या कागदाचा एक तुकडा ओढून त्यात त्या मांडल्या, कडा दोनदा मुडपल्या आणि चौकोनी पुडा बांधून पुढे केला. डेनिसच्या हातातल्या फोनमधून कुणीतरी "हॅलो? हॅलो?" करत होतं. लिओनाने तिच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. डेनिसने फोन बंद केला.

पुडा गरम होता. लिओनाने तो दोन्ही हातांनी घेतला.

"पुन्हा या हं, मॅडम," मर्ल म्हणाला. "आता सणाची गर्दी आहे. नंतर मी निवांत असतो."

"येईन," लिओना म्हणाली. "सोमवारपासून रोज येईन."