चिमट्यातला खेळ

मंगळवार पेठेतल्या आकारामच्या दुकानात एक सायकल आठवडाभर अडकून पडली होती, आणि ती अडकवली होती खुद्द आकारामनंच. सायकल संघप्रियाबाईंची. बाई शाळेत शिकवायच्या. पुण्याला नोकरीला गेलेल्या भावानं मागं ठेवलेली शॉकअपची सायकल त्या वापरत. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या जागी दोन जाड नळ्या, त्यांत सरकणाऱ्या बारीक नळ्या आणि आत स्प्रिंग. अशा गाड्या गावात यायला लागल्या तेव्हाच आकारामनं कपाळाला हात लावला होता. साधा लोखंडी चिमटा जन्मभर कुरकुरत नाही, आणि ह्यांना गाडीला गादी पाहिजे!

खरं तर बाई नुसता ब्रेक आवळून घ्यायला आल्या होत्या. पण आकारामनं बोट लावलं आणि म्हणाला, "बाई, चिमट्यात खेळ हाय." सायकलवाले ढिलाईला खेळ म्हणतात. त्यानं नळ्या उघडल्या. नळ्यांमधली बुशची कडी तशी झिजली नव्हती, तरी बदलली. सगळं जोडून पुन्हा बोट लावलं, तर खेळ होताच.

आज तो परत त्याच गाडीपुढं बसला होता. गुडघे बोलत होते, कंबर धरली होती. खुळखुळ्याचा चोर धरायचा तर घराघराची झडती घ्यावी लागते. त्यानं आधी चाक आडवं ढकलून बघितलं. घट्ट. मग डाव्या हातानं पुढचा ब्रेक दाबला, उजव्या हाताचं बोट हँडलखाली छर्रे बसतात त्या वाटीच्या सांध्यावर हलकंच टेकवलं आणि गाडी मागंपुढं हलवली. टक. वाटी आवळली. परत टक. बोट खाली नळीच्या तोंडाशी नेलं, तर तिथंही टक. काल चोर नळीत होता, आज वाटीतपण. असला घर बदलणारा चोर त्याला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. माणूस दमला की आधी चिडतो, मग गप्प होतो. आकाराम अजून चिडत होता.

तेवढ्यात धोंडुबाई, त्याची बायको, मागच्या घरातनं चहा घेऊन आली. कप अर्धाच.

"दूध महाग झालंय, का नवरा स्वस्त झालाय?" आकाराम फिस्कारला.

"प्या की गुमान," म्हणून ती आत गेली.

चहा संपतोय तोवर संघप्रियाबाई दारात. "मामा, आज तरी देणार काय? चालून चालून पायाचे तुकडे पडले माझ्या."

"खेळ असलेली गाडी म्या देत न्हाय, बाई. उद्या उतारावर तोंडावर पडला म्हंजे नाव माझं जायचं."

"मग खेळ कुठं हाय ते दाखवा तरी."

त्यानं त्यांचं बोट नळीच्या तोंडाशी टेकवून घेतलं आणि गाडी हलवली. "लागलं?"

"न्हाय."

"वर ठेवा. आता?"

"न्हाय हो मामा."

"खडू धरणारं बोट ते, त्याला काय कळतंय! तुम्ही ब्रेक दाबून गाडी हलवा, मी बघतो." त्यानं आपलं बोट टेकवलं. लगेच टक. "हे बघा! लागलं का न्हाय? परत लागलं!"

त्यानं वर बघितलं. बाई हँडल धरून उभ्या होत्या, गाडी जागची हललेली नव्हती.

"मामा," त्या हळूच म्हणाल्या, "मी अजून हलवलीच न्हाय."

आकारामनं बोट काढलं. ते दाराच्या दगडी खांबावर टेकवलं. टक. खांबातही खेळ होता. बोट हवेत धरून बघितलं, तर ते आपलं आपणच बारीक थरथरत होतं. आकाराम घाबरला. असा तो कधी घाबरला नव्हता. ह्या एका बोटावर त्यानं संसार ओढला होता.

"न्या बाई," तो म्हणाला. "गाडी चांगली हाय."

बाई घुटमळल्या, मग सायकल घेऊन गेल्या. दुपारभर तो नुसता बसून राहिला. एक गिऱ्हाईक हँडल हलतंय म्हणून सायकल टेकवून बाजारात गेलं, तरी तो उठला नाही.

संध्याकाळी धोंडुबाईनं चहा आणला. कप अर्धाच. तो कपाकडं बघत राहिला.

"धोंडे, अर्धा कप कधीपासनं देतीस?"

तिनं गल्लीकडं तोंड फिरवलं. "दसऱ्यापासनं. भरला की सांडायचा."

"आणि बोलली न्हाईस?"

"बोललो असतो तर दुकान मिटून बसला असता की."

त्याला तिचा राग आला, आणि तो राग घशातच विरघळला. एवढे महिने ही बाई त्याची बोलणी खात कप मोजून भरत होती. त्यानं चहा प्याला. एक थेंब सांडला नाही.

मग तो गिऱ्हाइकाच्या सायकलकडं गेला. "हिकडं ये. हितं, सांध्यावर बोट ठेव. दाबू नगो. मी हलवतो, टक लागलं की सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"माझ्यातलं कळलं तुला. हे काय अवघड हाय?"

धोंडुबाईनं बोट पदराला पुसून टेकवलं आणि डोळे मिटले. आकारामनं दोन्ही हातांनी हँडल धरलं, ब्रेक दाबला आणि गाडी मागंपुढं हलवली.

"हाय," ती म्हणाली. "बारीक हाय, पण हाय."