नाळेवरचं रान

"रतनकाका, बोट हलवू नका, मी बाबांना घेऊन येतेय," एवढंच मी फोनवर सांगितलं. मेली माझी अक्कल! कारण सांगितलंच नाही. होड्या रंगवणाऱ्याचे डोळे गेले, हे बाबांना गावात कळू द्यायचं नव्हतं.

काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली चिमूटभर कधी जाईल सांगता येत नाही, असं माणगावचे डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून बाबांचा एकच हट्ट. "बाय, रतनच्या नाळेवरचं माझं रान एकदा बघू दे. मग जाऊ दे काय जायचं ते."

बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बाबांनी रंगवलेलं ते रान मुळात एका जुन्या, गाण्यांच्या कार्टून पिक्चरमधलं. लहानपणी मी तो सारखा लावायचे आणि बाबा गाणी सोडून मागची झाडं बघत बसायचे. चौकोनी झाडं, लांबचं पानही जवळच्याइतकं स्पष्ट. पुढे मुंबईत ॲनिमेशन शिकताना कळलं, की ती झाडं चित्रकाराने युरोपातल्या शेकडो वर्षांपूर्वीच्या विणलेल्या पडद्यांवरून घेतली होती. बाबांना सांगितलं तर खदखदून हसले. "म्हंजे त्यानंबी दुसऱ्याचंच बघून काढलं! मी एकटाच चोर न्हाय!"

दर हंगामात बोटी नव्याने रंगतात, तशी बाबांची बाकीच्या बोटींवरची रानं गेली. रतनकाका मात्र नाळ सोडून रंग मारायचे.

भरडखोलला रिक्षातून उतरलो तर काका धावतच आले. "या हरेश्वरदादा! चित्राचे पार पोपडे निघालेवते, तुमच्यापुढं तशी बोट ठेवायची लाज वाटली. सकाळीच नाळ कोरी केली. आता नवं रान काढा!"

नाळ निळीशार. एक पान शिल्लक नव्हतं.  ओरडावं तरी कुणावर?

बाबा नाळेकडे तोंड करून उभे होते. काकांचं बोलणं त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे. "उन्हाची तिरीप हाय, मला दिसत न्हाय. तू सांग."

"डावीकडे मोठं झाड," मी म्हणाले. "चौकोनी. त्याच्याखाली हरीण. मग वाट..."  बाबांना दिसत नाही, हे काकांना तेव्हा कळलं. तोंडाला टॉवेल लावून ते वाळूतच बसले.

बाबांनी नाळेवर हात फिरवला. बोटं चोळली, नाकाशी नेली.

"ओला हाय, बाय."

"बाबा, चुकलं माझं..."

"रडू नको." निळा हात त्यांनी पुन्हा नाळेवर ठेवला. "वाटेपर्यंत आलीवतीस. पुढं सांग."