परवान्याची बंदूक

"मुखरू कोन हाय? बंदूकवाला?"

अंगणात उभ्या शिपायाने विचारलं, तेव्हा मुखरू धानाच्या बांधीवरून येऊन पाय धूत होता. पहाटे शिवारात बार झाला होता, रानडुक्कर पडलं होतं. गावभर तीच चर्चा होती.

"मीच," तो म्हणाला. "पन माही बंदूक तं तुमच्याच ठान्यात हाय."

ते खरं होतं. ठासणीची ती भरमार बंदूक बापाच्या माघारी पीकरक्षणाच्या परवान्यासकट त्याच्याकडे आली होती. निवडणुकीआधी जमा करायचा हुकूम निघाला, त्याने मुकाट नेऊन दिली. निवडणूक सरली, तरी मागायला गेलं की कधी साहेब नसत, कधी नूतनीकरण अडलेलं असे. इकडे धान लोंबीला आलं. पूर्वी हवेत एक बार काढला की कळप नाल्यापलीकडे पळे. आता रोज सकाळी बांधी लोळवलेली दिसे. बायको, चंदा, चिडून म्हणे, नोंद केली हेच चुकलं. ज्यांनी लपवल्या त्यांच्या घरीच आहेत.

लपवलेली एक शेजारच्या बांधीवाल्या लालसूकडे होती. गेल्या आठवड्यात तो स्वतःच देऊ करत होता. मुखरूनं नको म्हटलं. बार कोणीही काढला तरी पोलीस आधी त्याच्याच दारी येतील, हे तो जाणून होता. आणि आलेच.

खात्री करायला त्याला ठाण्यात नेलं. कोठीत बंदूक होती, नळीवर गंज चढलेली. पुसायला त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला, तसं शिपायाने हात धरला. जमा मालाला हात लावायचा नाही, म्हणाला.

साहेबांनी त्याला खुर्ची दिली. आवाज मऊ होता.

"बार कोणी काढला तेवढं सांगा. तुमचं काम मी स्वतः बघतो. पीक उभं आहे ना?"

उघड्या दारातून मुखरूला कोठी दिसत होती. गेल्या हंगामात डुकराने त्याची मांडी फाडली, तेव्हा लालसूनेच त्याला पाठुंगळी घेऊन सडकेपर्यंत आणलं होतं. पण धान? वर्षभराचा घास होता तो.

"झोप लागली होती साहेब," तो अखेर म्हणाला. "मले काई आयकू नाई आलं."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि जायला सांगितलं.

दिवस कलताना तो बांधीवर पोचला. लालसू दोघांच्या मधल्या धुऱ्यावर वाट पाहत होता. नाव घेतलं नाही, अशी मुखरूनं नुसती मान हलवली. लालसू बराच वेळ पायाने ढेकूळ फोडत राहिला.

"बंदूक बोडीच्या पान्यात टाकली मी," तो म्हणाला. "गाळात गेली."

अंधारू लागलं तशी नाल्याकडची झुडपं हलली. मुखरू राखणीच्या माळ्यावर चढला आणि नरड्याच्या शिरा ताणून ओरडला. घसा बसला, आवाज चिरकला, तसा तो दम घ्यायला थांबला.

तेवढ्यात पलीकडच्या बांधीतून लालसू ओरडू लागला.