सिंह राशीचं शहर

"हलू नका राशीवाले, नाहीतर उद्याचं भविष्य मला लिहावं लागेल," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी वस्तरा डाव्या गालावरून खाली ओढला.

राशीवाल्यांच्या गळ्याला पांढरी चादर, तोंडाला फेस. आरशाखालच्या फळीवर शहराच्या वाढदिवसाची पुरवणी पसरलेली आणि तिच्यात ठळक मथळा : आपल्या शहराची रास कोणती? गिऱ्हाइकाचं तोंड एकदा फेसाने बंद केलं की पेपर मोठ्याने वाचायचा, ही वस्तादांची तीस वर्षांची खोड. आज तर लिहिणाराच तावडीत सापडला होता.

"'हे शहर सिंह राशीचं. तापट, पण दिलदार. भांडेल ते समोरासमोर.' वा! आणि शेवट बघा. 'सिंह पडलेल्यावर पंजा उचलत नाही. हे शहरही पडलेल्या माणसाला कधी मारत नाही.' अहो, काय लिहिलंय! हे मी कापून आरशावर चिकटवणार."

राशीवाल्यांनी फेसातून नुसतं हुं केलं. ते मुळात पेपरात प्रुफं तपासणारे. बारा वर्षांपूर्वी ज्योतिषी काम सोडून गेला आणि संपादकसाहेबांनी राशिभविष्याची ती बारा चौकोनांची पीडा यांच्या गळ्यात मारली. तेव्हापासून आळीपाळीने धनलाभ आणि पोटदुखी वाटायचं काम ते इमानाने करत होते. शहराची कुंडली मात्र त्यांनी खरोखर मांडली होती. स्थापनेची तारीख घेतली, पंचांग उघडलं, आणि रास निघाली वृश्चिक. डूख धरणारी, नांगी मारणारी. साहेब कडाडले होते, "वाढदिवसाला विंचू? जाहिरातवाले मला उभा जाळतील! सिंह कर." यांनी केला सिंह. तळाशी चार ओळींची जागा रिकामी उरली, तिथे ते पडलेल्याचं वाक्य दोन मिनिटांत मनाने लिहून टाकलं आणि घरी जाऊन जेवले.

बाहेर ब्रेक किंचाळला. काहीतरी धडकलं.

आरशात राशीवाल्यांना रस्ता दिसत होता. टेंपो तिरका उभा, पुढच्या चाकाखाली सायकल. सायकलवाला उठून कोपर चोळत होता, म्हणजे फार काही झालं नव्हतं. पण कुणीतरी ओरडलं, "पळतोय बघा, धरा साल्याला!" आणि बघता बघता रस्ता माणसांनी भरला. टेंपोचा ड्रायव्हर आधी हात जोडत होता, मग कानाखाली बसली तसा धावत सुटला तो थेट सलूनमध्ये शिरला. तिशीचा असेल. खुर्चीचा हात धरून म्हणाला, "मालक, मला आत घ्या. मी थांबलो होतो हो, मी पळालो नव्हतो."

वस्ताद दाराला कडी घालायच्या आत जमावाने दार मोडलं. चौघांनी ड्रायव्हरला केसांना धरून फरफटत नेलं. त्यात सगळ्यात पुढे समोरचा पंक्चरवाला होता, रोज सकाळी राशीवाल्यांच्या सायकलीत फुकट हवा भरून देणारा. त्याच्या हातात टायर उपसायची लोखंडी पट्टी होती.

वस्तादांनी वस्तरा मिटून फळीवर ठेवला. "हत्यार घेऊन माणसांत जायचं नसतं," असं स्वतःशी म्हणाले आणि तसेच रिकाम्या हातांनी बाहेर गेले.

राशीवाले उठले नाहीत. चादरीखाली त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि आरशात बघत राहिले.

ड्रायव्हर अजून उभा होता, डोळ्यावरून रक्त ओघळत होतं. वस्तादांनी गर्दीत मुसंडी मारली आणि त्याच्या कानाशी जाऊन ओरडले, "खाली पड! आधी खाली पड! पडलेल्याला मारत नाहीत!" ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं. मग तो माणूस सांगितलेलं ऐकून खरोखर रस्त्यावर आडवा झाला.

क्षणभर सगळे थांबले. राशीवाल्यांच्या छातीतून श्वास सुटला.

मग पंक्चरवाल्याची पट्टी खाली आली. उभ्या माणसाला चौघांचेच हात पोचतात, आडव्याला चाळीसांच्या लाथा बसतात. ज्यांना मघाशी पुढे घुसता येत नव्हतं तेही आता पुढे आले. हातातली भाजीची पिशवी सांभाळत एकाने दोन लाथा घातल्या आणि तो आपल्या वाटेने गेला. "अरे, पडलाय तो! दिसत नाही का?" वस्ताद घसा फोडून ओरडत होते. कुणी ऐकेना, तेव्हा ते ड्रायव्हरच्या अंगावर पालथे पडले. त्यांच्या पाठीवर पट्टी बसली, मग डोक्यावर. त्यांनी डोकं झाकायला उजवा हात वर घेतला. तो हात कुणीतरी ओढून काढला, डांबरावर सपाट धरला, आणि बुटाची टाच त्याच्यावर तीनदा आदळली. हाडं मोडल्याचा आवाज राशीवाल्यांना खुर्चीत ऐकू आला.

एक वीट आत आली आणि आरसा खळ्ळकन खाली बसला. पुढचं त्यांना दिसलं नाही.

ड्रायव्हर दवाखान्याच्या दारातच गेला. बातमीचं प्रूफ राशीवाल्यांच्याच टेबलावर आलं : 'अज्ञात जमावाच्या मारहाणीत एक ठार, एक जखमी.' अज्ञात कसला डोंबलाचा! त्यातली निम्मी तोंडं त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी पेन उचललं. मग एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि खाली सही केली. भेकड माणूस, दुसरं काय.

उजव्या गालाची दाढी त्यांनी त्या दिवसापासून केली नाही. डाव्या बाजूचे खुंट ते घरीच काढत, पण उजवीकडची पांढरी दाढी वाढतच राहिली. साहेब म्हणाले, "नवस केलाय का?" बायको म्हणाली, "अहो, एक तर सगळी ठेवा, नाहीतर सगळी काढा. हे काय सोंग!" वस्तादांना बघायला ते दवाखान्याच्या दारापर्यंत तीनदा जाऊन परत आले.

सव्विसाव्या दिवशी सलून उघडलेलं दिसलं. आरशाच्या जागी भिंतीवर चार खिळे. वस्ताद डाव्या हाताने केर काढत होते. उजव्या हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण बोटं आत वळली होती, ती आता उघडणार नव्हती. समोर पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसला होता, जसं काही झालंच नव्हतं.

"या राशीवाले. अर्धेच राहिलात की."

राशीवाले उंबऱ्यातच उभे राहिले. "वस्ताद, मला सांगायचंय. शहराची रास सिंह नाही. वृश्चिक निघाली होती. मी बदलली."

वस्ताद झाडू धरून थांबले. "विंचवाची?"

"हो."

"आणि ते शेवटचं? पडलेल्याचं?"

"ते कुठल्याच राशीत नाही. जागा उरली होती, म्हणून लिहिलं."

वस्तादांचा चेहरा लाल झाला. झाडू त्यांनी भिंतीवर फेकून मारला. "जागा उरली म्हणून? अहो, तो पोरगा उभा होता! पळाला असता कदाचित! मी त्याला पड म्हटलं. माझं ऐकून पडला तो! रात्री डोळे मिटले की माझ्याकडे बघतो. आणि तुम्ही जागा भरत होता?"

तोंडावर हात घेऊन राशीवाले लहान मुलासारखे रडले. वस्तादांनी त्यांना रडू दिलं. समोरचा पंक्चरवाला एकदा मान वर करून बघून पुन्हा ट्यूबकडे वळला.

मग पडलेला झाडू उचलून कोपऱ्यात ठेवत वस्ताद म्हणाले, "बसा खुर्चीत."

राशीवाले बसले. वस्तादांनी वाकड्या मुठीने आणि दातांनी चादरीची गाठ मारली, फेस लावला, डाव्या हाताने वस्तरा उघडला. त्या हाताने त्यांनी आजवर फक्त गिऱ्हाइकाची हनुवटी धरली होती.

"मान वर करा."

राशीवाल्यांनी मान वर केली, गळा उघडा केला आणि डोळे मिटून घेतले. वस्तरा कानाखाली टेकला, अडखळला, खाली सरकला. जबड्याच्या कडेला चर्रकन कापलं. गरम धार मानेवरून कॉलरमध्ये शिरली.

"लागलं का?" वस्तादांनी विचारलं.

"नाही," राशीवाले म्हणाले. "चालू द्या."