नावाचा कोपरा

"आरसा अजून डावीकडे घ्या, डॅडी. ऊन दगडावर आडवं पडायला हवं."

डेल्मर कूगलरने न्हाणीघरातून उतरवून आणलेला आरसा छातीशी धरला आणि तो पाऊलभर सरकला. हात एक्क्याऐंशी वर्षांचे; उजेडाचा चौकोन थरथरत गवतावरून फिरला आणि झिजलेल्या कबरीच्या दगडावर येऊन टेकला. समोर रोवेना गुडघ्यांवर बसून मऊ ब्रशने शेवाळ झाडत होती.

"सातवा महिना लागलाय आणि अशी बसतेस. उठवायला ट्रॅक्टर आणावा लागेल."

"तुम्ही आरसा सांभाळा. फुटला तर सात वर्षांचं दुर्दैव आपल्या मागे लागेल."

शनिवारी कूगलर कुळाचा मेळावा होता. दर ऑगस्टमध्ये याच चर्चमागे, अक्रोडांच्या सावलीत लांब मेजं मांडली जात. धुरावलेलं हॅम, बटाट्याचं सॅलड, कोबीचं आंबट लोणचं. जेवणं आटोपली की डेल्मर उभा राहून आपोलोनियाची गोष्ट सांगे. १७५५ च्या शरदात या खोऱ्यावर शॉनी या मूळ अमेरिकी जमातीची धाड आली, तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्यांनी तिला डोंगरापलीकडे, ओहायोच्या बाजूला नेलं. नऊ वर्षांनी ती चालत परत आली. पुढे तिने एका कूगलरशी लग्न केलं आणि मेळाव्याला जमणारे सगळे तिचेच वंशज. गोष्टीचं शेवटचं वाक्य डेल्मर सावकाश म्हणे: "दाराला अडसर नव्हता. तिच्या आईनं एकाही रात्री तो लावला नव्हता."

त्या वाक्याला हल्ली कुणी मध्ये बोलत नसे. बावीस वर्षांपूर्वी रोवेनाची मोठी बहीण डार्ला बापाशी भांडून एक बॅग घेऊन घराबाहेर पडली. ओहायोमधून एक पोस्टकार्ड आलं. नंतर काहीच नाही. पोलिसांनाही माग लागला नाही. डेल्मरच्या स्वयंपाकघराच्या दाराला तेव्हापासून रात्री कडी नसते. रोवेनाने त्यावरून त्याच्याशी वाद घालून पाहिला होता आणि नंतर तो सोडूनही दिला होता.

यंदा त्याने आपोलोनियासाठी नवा दगड सांगितला होता. तिच्या नावाखाली 'परत आली' असं कोरायचं होतं. पाथरवट क्लेटन फक्त जन्मसालाची वाट पाहत होता. जुन्या चर्चवहीतली १७४७ च्या बाप्तिस्म्याची नोंद रोवेनानेच शोधून काढलेली. त्या दिवशी डॅडींनी ती नोंद मोठ्याने तीनदा वाचून घेतली होती. पण पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या रोवेनाचं एका नमुन्यावर भागत नसे. दगड कोरण्याआधी कबरीवरचं वय ताडून पाहायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

शनिवारसाठी तिने डॅडींना न सांगता आणखी एक गोष्ट ठरवली होती. मुलगी होणार होती. इमोजीन आत्या बाळासाठी गोधडी शिवत होती आणि तिच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने नाव भरत होती: डार्ला.

तिरप्या उजेडात अक्षरं दगडातून वर आली. या खोऱ्यातल्या जुन्या जर्मन कबरींवर जन्मतारीख नसते. मृत्यूचा दिवस आणि वय असतं. जन्म आपण वजाबाकीने काढायचा. मृत्यू १८२९, मार्च. वय एक्क्याऐंशी असायला हवं होतं. रोवेनाने पहिल्या आकड्याच्या खाचेतून बोट फिरवलं. वर आडवी रेघ, मग खाली उतरणारी तिरपी. तिने पुन्हा बोट फिरवलं. सात होता.

म्हणजे जन्म १७५७. धाडीनंतर दोन वर्षांनी.

त्या काळी मूल गेलं की पाठच्याला तेच नाव देत. कागद चाळताना तिने अशी कितीतरी घरं पाहिली होती: एकाच आईबापांचे तीन योहान, त्यांतले दोन पुरलेले. जिवंत मुलाचं नाव मात्र कुणी दुसऱ्याला देत नसे. शॉनींकडून सुटून आलेल्या कैद्यांच्या याद्यांतही आपोलोनिया तिला कधी सापडली नव्हती. कारकुनाचा हलगर्जीपणा, असं म्हणून तिने तो प्रश्न मिटवला होता.

"काय वय आहे?" डेल्मरने विचारलं. त्याला तिथून दिसत नव्हतं. एक्क्याऐंशी म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"एक्काहत्तर."

तो जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. वजाबाकीला त्याला वेळ लागला नाही. उजेड दगडावरून घसरून गवतात गेला.

"मग ही पाठची."

"हो."

"आणि ती?"

"तिचं पुढे कुठे काही नाही, डॅडी."

एक मोटार रस्त्यावरून गेली. डेल्मरने आरसा अक्रोडाच्या बुंध्याला टेकवून ठेवला.

"दोन वर्षं," तो म्हणाला.

रोवेनाने काहीतरी जुळवून पाहिलं. घरात बाकीची पोरं होती, हिवाळा होता, वर लढाई. "माया नव्हती असं नाही. नाव घरात राहावं, म्हणूनही ठेवलं असेल."

"असेल." तो कबरीकडे पाहत होता. "पण उद्या ती दारात येऊन उभी राहिली असती, तर तिला काय म्हणून हाक मारायची होती?"

रोवेनाचा हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला.

डेल्मरने खिशातून फोन काढला, लांब धरून बटणं दाबली. क्लेटन, 'परत आली' ती ओळ काढून टाक, असं त्याने सांगितलं. नाव तेच. जन्म १७४७. पुढे रेघ, आणि रेघेच्या पुढे काही नाही. डेल्मरच्या बायकोच्या दगडावर त्याचं स्वतःचं नाव आणि जन्मसाल आधीच कोरून मृत्यूची जागा रिकामी ठेवली आहे ना, तसं. पलीकडून क्लेटन हसून काहीतरी म्हणाला असावा.

"अडीचशे वर्षं झाली ते मलाही कळतं," डेल्मर म्हणाला. "पण तिचं काय झालं ते मला माहीत नाही. तुलाही नाही. रिकामं सोड."

मग त्याने दोन्ही हात देऊन रोवेनाला उठवलं, तिच्या गुडघ्यांना चिकटलेलं गवत झटकलं.

"पोरीचं नाव ठरलं का गं?"

गेले चार महिने ते नाव तिच्या तोंडात होतं.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

"घाई काय आहे."

तो आरसा घोंगडीत गुंडाळू लागला. रोवेना गाडीत जाऊन बसली, काच वर केली आणि आत्याला फोन लावला. गोधडीवरचं नाव उसव, म्हणाली. आत्या चिडली. आता सांगतेस? निम्मं भरून झालंय, डोळे फुटायची वेळ आली माझी. मग तिने विचारलं,

"काही झालं का गं?"

"नाही. तू उसव फक्त."

"उसवीन. पण सुईची भोकं दिसतील हं कापडावर."

"दिसू देत, आत्या."